आयुष्यभराचं तेल

अंबडला, टेम्पोच्या बॉड्या बांधतात त्या गल्लीत
तिसरं शटर माझं.
डॉक्टर खैरनारांची गाडी वळली की
समोरचा वेल्डर मशीन बंद करतो.
मान म्हणून नव्हे.
त्याला ठाऊक आहे, आता मला ऐकायचं असतं.

दोन हजार चारची. रंग एकेकाळी चंदेरी.
इंजिनाच्या कुशीत सुपरचार्जर,
म्हणजे पट्ट्यावर फिरणारा भाता,
चार सिलिंडरांना सहाचा आव आणायला लावणारा.
नवी होती तेव्हा कसाऱ्याचा घाट
गप्पा मारत चढायची, असं डॉक्टर सांगतात.
आता पांडवलेण्यांपाशी पुलाच्या चढालाच
धाप लागते.

धापेची कारणं मला तोंडपाठ.
मी बोलतो, डॉक्टर माझ्या ओठांकडे बघतात.
ब्रीदरची नळी: रबर इतकं पिकलेलं
की नखाने सालीसारखं सुटून येतं,
तिथून हवा पळते.
पट्टा काचेसारखा गुळगुळीत.
टायमिंगची साखळी लांबलेली,
एखाद्या दाताने फसवणारी.
आणि कॅमच्या मॅग्नेटमधून तेल झिरपतं.
थेंब खाली पडत नाही, ही त्याची लबाडी.
तारेच्या आतून चढतं,
समईत वातीतून चढावं तसं,
गुपचूप, वर्ष दोन वर्षं,
थेट कॉम्प्युटरच्या खोक्यापर्यंत.
मग दिवा लागतो खरा.
डॅशबोर्डवर. पिवळा.

भात्याला स्वतःचं वेगळं तेल असतं,
चहाच्या दोन कटिंगएवढं.
कंपनीचं पुस्तक म्हणतं, आयुष्यभर बदलू नका.
कोणाच्या आयुष्यभर
ते लिहिलेलं नाही.
मी बूच काढलं. काळं, पातळ,
जळक्या मेथीसारखा वास.

चाळीस वर्षं या माणसाने नाशिकचे कान तपासले.
माझ्या पोरीचा फाटलेला पडदा
त्यांनीच शिवला, पैसे हप्त्याने घेतले,
शेवटचा हप्ता विसरले.
आता स्वतःच्या कानातलं हाड धरलंय त्यांचं.
यंत्र आहे, ते शर्टाच्या खिशात असतं.
म्हणतात, त्यात फक्त भांडी वाजतात.
म्हणून तर गाडी सहा महिने ओरडत होती
आणि हे काचा वर करून
निवांत गंगापूर रोडने फिरत होते.
शेजारच्या मोगलबाईंनी चिठ्ठी लिहून दिली:
तुमची गाडी रडते.

मी लांब पेचकस घेतला,
टोक भात्याच्या नाकाडावर,
मूठ माझ्या कानाला.
सुरुवातीला डब्यातले चणे हलावेत तसा खुळखुळाट,
रेस वाढली की त्यातूनच एक बारीक सूर निघतो,
वर वर जातो, कुठे थांबायचं ते विसरतो.
खांद्यावर टिचकी.
द्या इकडे, डॉक्टर म्हणाले.

त्यांनी मूठ कानाला लावली नाही.
कानाच्या मागे, हाडावर टेकवली.
डोळे मिटले.
भिवा, रेस दे.
आत बसलेल्या पोऱ्याने पाय दाबला.
म्हाताऱ्याची मान थोडी तिरकी झाली,
एवढंच.

पुढचं बेअरिंग, ते म्हणाले.
मागचं अजून चालेल.

मी दोन्ही सांगणार होतो.
पार्ट दिल्लीहून, तीन आठवडे,
खेचणी सातपूरच्या मोमीन टर्नरकडून करून घ्यावी लागेल,
हिशेब जुळत आला होता माझ्या डोक्यात.

बंद करू का, मी विचारलं.
पण डोळे मिटलेलेच, ओठ कोण वाचणार?
पेचकस हाडावर तसाच.
भिवाने काचेतून माझ्याकडे पाहिलं.
मी हाताने खुणावलं, राहू दे,
थोडी अजून वाढव.

समोर वेल्डर मुखवटा कपाळावर सारून
बिडी शोधत उभा होता.